फिरायला गेलीस की शिकायला?

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं. टाकण्याआधी ते कोणाकोणाला दिसू नये याची यादी करण्यात चांगली दहा मिनिटं घालवली. मोठी आत्या, दोन्ही मामा, एज्युकेशन लोनच्या कागदांवर सही केलेले शेजारचे काका आणि सगळ्यात शेवटी आई. फोटोत लपवण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. एका सुळक्याच्या माथ्यावर मी कमरेला हार्नेस बांधून, विस्कटलेल्या केसांनी, बत्तीशी दाखवत उभी होते. मागे खोल खाली एल्ब नदीचं वळण होतं. बस्स.

यादीत चुलतभावाचं नाव घालायचं राहिलं. रविवारी सकाळी डोळे उघडले तर फॅमिली ग्रुपवर त्याच फोटोचा स्क्रीनशॉट आणि खाली त्याचा मेसेज : ‘मजा आहे बुवा एका माणसाची! फिरायला गेलीस की शिकायला?’ त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. आत्याचं ‘एन्जॉय बेटा’. बाबांनी मेसेज वाचल्याचं दिसत होतं, पण त्यांनी काही लिहिलं नव्हतं. भावाच्या टोमण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

मी नाशिकची. गेलं दीड वर्ष जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये मास्टर्स करतेय. हा प्रश्न काही मला एकटीलाच विचारला गेलेला नाही. बाहेर शिकायला आलेल्या माझ्या जवळजवळ प्रत्येक मित्रमैत्रिणीने तो कधी ना कधी ऐकलाय. कुणाला तो मावशीने विचारलाय, कुणाला सोसायटीतल्या काकूंनी. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी विचारण्याआधी आपण तो स्वतःला शंभरदा विचारून झालेला असतो. त्या रविवारी मी दिवसभर त्याचं उत्तर शोधत होते. सापडलं ते इथे मांडतेय.

आधी प्रश्नामागची बाजू नीट सांगते, कारण ती खोटी नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नसते, हे बरोबर. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरून दाखवावा लागतो. मी आले तेव्हा ही रक्कम ११,९०४ युरो होती. म्हणजे दर महिन्याला आपल्याच पैशांतले ९९२ युरो आपल्याला मिळतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. काम करायला परवानगी असते, पण त्यालाही हद्द आहे : वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. हे सगळे आकडे शंभराने गुणून पाहा, म्हणजे बाबांचं गप्प बसणं तुम्हालाही कळेल. आमच्या घरात माझ्या शिक्षणासाठी काय काय पुढे ढकललं गेलं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर कॉफीचा कप घेतानाही डोक्यात गुणाकार चालू होतो.

या गुणाकारापायी मी पहिला हिवाळा खोलीत काढला. डिसेंबरात ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यात इथला रविवार म्हणजे कर्फ्यू लागल्यासारखा. दुकानं बंद, रस्ते शांत, घरात भिंतीला ड्रिल मारलं तर शेजारी तक्रार करतील अशी परिस्थिती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मी एकाही वीकेण्डला शहराबाहेर पडले नाही. मित्रांनी बोलावलं की ‘असाइनमेंट आहे’ सांगायचे. असाइनमेंट असायचीही. लॅपटॉप उघडा असायचा, पीडीएफ उघडी असायची आणि मी मोबाइलवर नाशिकमधल्या मैत्रिणींच्या गोदाघाटावरच्या स्टोरीज बघत बसलेली असायचे. घरी फोनवर मात्र ‘हो, अभ्यास चाललाय’. आई खूश, मीही खूश.

फेब्रुवारीत एका विषयात नापास झाले. बी.ई.च्या चार वर्षांत एकही केटी न लागलेली मुलगी. घरी ‘रिझल्ट यायचाय’ असं सांगून तीन आठवडे काढले.

बाहेर फिरले नाही म्हणून नापास झाले, असा दावा मी करणार नाही. विषय अवघड होता आणि माझा पाया कच्चा होता. पण खोलीत बसलं की अभ्यास होतो, हा माझा आणि माझ्या अख्ख्या खानदानाचा समज त्या दिवशी मोडला. मी अभ्यासाला वेळ दिलाच नव्हता. मी फक्त मजा न करण्याला वेळ दिला होता आणि त्यालाच अभ्यास म्हणत होते.

एप्रिलमध्ये नवीन सेमेस्टर सुरू झालं, तेव्हा ग्रुपमधल्या नागपूरच्या मित्राने मला विद्यापीठाच्या क्लाइंबिंग कोर्सला जवळजवळ ओढत नेलं. आधी हॉलमधली भिंत, मग खरा दगड. पायात घातलेले शूज सेकंडहँड, हार्नेस कोर्सचा, दोर ग्रुपचा. आणि प्रवास? सेमेस्टरच्या सुरुवातीला विद्यापीठात जी वर्गणी भरतो, तिच्यात लोकल ट्रेनचं तिकीट येतं. म्हणजे ज्या तिकिटावर मी सहा महिने फक्त सुपरमार्केटला जात होते, त्याच तिकिटावर पाऊण तासाच्या आत मला युरोपातल्या सगळ्यात जुन्या क्लाइंबिंग भागांपैकी एकात पोहोचता येत होतं.

या भागाला म्हणतात सॅक्सन स्वित्झर्लंड. नावात स्वित्झर्लंड असलं तरी हे जर्मनीतच, चेक सीमेला लागून आहे. क्रिटेशियस काळात इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या वाळूचा दगड झाला आणि पाण्याने तो कापत कापत सुळके, घळी आणि सपाट माथ्याचे डोंगर तयार केले. १९९० पासून यातला मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. चढाईला खुले असलेले ११०० हून जास्त सुळके इथे आहेत. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट बघत वाढलेल्या माणसाला हा करडा-पिवळा दगड आधी खोटाच वाटतो. हात फिरवला की बोटांना वाळूचे कण लागतात.

त्या शनिवारी सकाळी सातच्या लोकलने आम्ही सहाजण निघालो. मी, नागपूरकर, चिलीहून आलेली एक मैत्रीण, आमच्या वर्गातलं एक जर्मन जोडपं आणि कोर्सच्या ग्रुपबरोबर नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ. वय पासष्टीच्या पुढे, पण दोर खांद्यावर टाकून आमच्या पुढे चालणारे. इथे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, अरेतुरे करतात. मला काही ते जमत नाही. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते.

राटेन नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरलो. पलीकडच्या काठाला जायला तर आहे. तिला इंजिन नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते आणि नदीचा प्रवाहच तिला एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे ढकलतो. वर बास्टाईचे प्रसिद्ध कडे आणि त्यांच्यामधून गेलेला १८५१ सालचा दगडी पूल. टुरिस्टांच्या बसेस तिथेच येतात. आम्ही पुलावर जाऊन फोटो काढले. (काढायचेच! सहा हजार किलोमीटरवर जाऊन पुलाचे फोटो काढले नाहीत असा आव मी आणणार नाही.) मग गर्दी सोडून आतल्या वाटेला लागलो.

इथल्या चढाईचे नियम ऐकून मी चाट पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्याच क्लाइंबर्सनी ते घालून घेतले आणि आजही पाळले जातात. दोर फक्त पडलात तर वाचवण्यासाठी, त्याला धरून वर जायचं नाही. हाताला मॅग्नेशियाची पावडर लावायची नाही, दगडावर डाग पडतात. फटींमध्ये लोखंडी साधनं अडकवायची नाहीत, मऊ दगड झिजतो. मग सुरक्षेसाठी काय? नायलॉनच्या दोरीला गाठी मारायच्या आणि त्या गाठी फटीत बसवायच्या. दगडात कायमच्या ठोकलेल्या कड्या असतात, पण मोजक्या आणि लांब लांब. आणि पाऊस पडून गेला की दगड पूर्ण वाळेपर्यंत चढाई बंद. ओला वाळूचा दगड कमजोर होतो, हातातली खाच तुटून हातात येऊ शकते.

आमची वाट सोपी होती. इथल्या श्रेणीत रोमन आकड्यातली तीन. बरीचशी चिमणी, म्हणजे दोन कातळांमधली उभी फट. पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला आणि इंच इंच वर सरकायचं. आजोबा आधी गेले, वर जाऊन त्यांनी दोर ओढून घेतला आणि मला बिले दिला. बिले म्हणजे दुसऱ्याचा दोर सांभाळणं. तुम्ही चढता तसा तो दोर घेत राहतो, तुम्ही सुटलात तर तो पकडून ठेवतो. अर्ध्या वाटेवर माझे पाय शिवणयंत्रासारखे थरथरायला लागले. खाली बघू नको म्हणतात, मी बघितलं. वरून आजोबांचा आवाज आला, ‘मी धरलंय.’ एवढंच.

त्या पाच मिनिटांत मला लोन आठवलं नाही, नापास झालेला विषय आठवला नाही, गुणाकार तर मुळीच आठवला नाही. फक्त पुढची खाच. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डोक्यात एका वेळी एकच गोष्ट होती. अभ्यासाला बसल्यावर मला हेच तर जमत नव्हतं!

माथ्यावर पोहोचल्यावर सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. इथली पद्धत आहे ती. मग एका धातूच्या पेटीतून वही निघाली. इथल्या सुळक्यांवर अशी वही असते, चढून आलेल्याने तारीख आणि नाव लिहायचं. मी माझं नाव देवनागरीत लिहिलं. आजोबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि वहीतली काही पानं मागे नेऊन स्वतःच्या एका जुन्या नोंदीवर बोट ठेवलं.

तिथे बसून डबा खाताना ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं तरुणपण पूर्व जर्मनीत गेलं. बर्लिनची भिंत पडली १९८९ मध्ये. तोवर पश्चिमेकडे जायची परवानगी नव्हती, म्हणजे आल्प्स फक्त नकाशात. सगळी चढाई याच सुळक्यांवर. ‘आम्हाला जाता येत नव्हतं म्हणून आम्ही इथे होतो,’ ते म्हणाले. ‘तू एवढ्या लांबून आलीस. मग हिवाळाभर खोलीत का बसलीस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे म्हणावं तर त्या दिवसाचा माझा खर्च तरीच्या तिकिटाचा आणि तीन ब्रेडचा होता.

रात्री मुक्काम क्लाइंबर्सच्या एका साध्या लाकडी हटमध्ये. स्लीपिंग बॅग आपली, स्वयंपाक आपला, भांडी आपणच घासायची. आईने पाठवलेला गोडा मसाला घालून मी मसालेभात केला. चिलीच्या मैत्रिणीने तिसऱ्यांदा वाढून घेतला. आणि त्यानंतर, पोट भरल्यावर, मी ती दहा मिनिटांची यादी करत स्टेटस टाकलं. कसली गंमत आहे बघा. दिवसभरात भीती वाटली ती चिमणीत पाच मिनिटं, त्यानंतर एकदम व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये!

रात्री पाऊस आला. सकाळी उघडीप होती, ऊनही पडलं होतं. भावाच्या मेसेजने माझा मूड गेलेला होता आणि आता चढून तरी वसूल करावं असं वाटत होतं. नागपूरकर म्हणाला, ‘दगड वाळलाय की, दिसतोय ना!’ आजोबांनी मान हलवली. वरून वाळलेला दिसतो, आत पाणी असतं. बाकी कुणी हुज्जत घातली नाही. आसपास दुसरा कुठलाच ग्रुप चढताना दिसला नाही. दंड करायला तिथे कुणी उभं नव्हतं. तरीही कुणी चढत नव्हतं.

मग पायी भटकायचं ठरलं. कोनिगश्टाइन गावातून चालत फाफेनश्टाइन नावाच्या डोंगरावर गेलो. त्याच्या कडेला एक एकटा, सडपातळ सुळका उभा आहे, चाळीसेक मीटरचा. नाव बार्बारिने. त्याची दंतकथा ऐका. एका आईने रविवारी मुलीला चर्चमध्ये पाठवलं. मुलगी चर्चला न जाता या डोंगरावर ब्लूबेरी वेचत बसली. आईने तिला तिथे पकडलं, संतापून शाप दिला आणि मुलीचा दगड झाला. तोच हा सुळका. रविवारी मजा करणाऱ्या मुलीची गोष्ट त्याच सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहावी! मी खो खो हसले. बाकीच्यांना कळेना, मग फॅमिली ग्रुपचा किस्सा सांगितला. चिलीच्या मैत्रिणीने स्वतःचा फोन काढून तिच्या मावशीचा मेसेज दाखवला. स्पॅनिश होता, पण अर्थ सेम.

या बार्बारिनेवर पहिल्यांदा माणूस चढला १९०५ मध्ये. दोघं होते. एक रुडॉल्फ फेहरमान, इथला. दुसरा ऑलिव्हर पेरी-स्मिथ, अमेरिकेहून शिक्षणासाठी ड्रेस्डेनला आलेला तरुण. म्हणजे आपल्यातलाच, परदेशी विद्यार्थी! त्याच्या घरच्यांनी पत्रातून काय टोमणे मारले असतील माहीत नाही. पण आज त्याचं नाव इथल्या चढाईच्या इतिहासात पहिल्या फळीत घेतलं जातं. आणि गोष्टीचा शेवट मला जास्त आवडला. दगड झिजायला लागला, तेव्हा १९७५ पासून बार्बारिनेवर चढणं बंद करण्यात आलं. इतका नावाजलेला सुळका, पण आता फक्त बघायचा.

दुपारी कोनिगश्टाइनचा किल्ला बघितला. सपाट माथ्याचा डोंगर आणि त्यावर तटबंदी. नाशिककराला लगेच घरच्यासारखं वाटतं. आत १५२ मीटर खोल विहीर आहे, सोळाव्या शतकात खोदलेली. हा किल्ला लढाई करून कधी कुणी जिंकला नाही. पण १८४८ मध्ये सेबास्टियन अब्राट्स्की नावाचा धुराडी साफ करणारा तरुण एका फटीतून, हत्याराशिवाय, कडा चढून थेट वर आला. त्याला अटक झाली आणि त्या फटीला आजही त्याचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे कैदेत असलेला फ्रेंच जनरल आँरी जिरो एप्रिल १९४२ मध्ये दोराने कडा उतरून पळाला. तेव्हा तो साठीच्या पुढे होता. मी सगळ्यांना रायगडच्या हिरकणीची गोष्ट सांगितली. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली गवळण. ‘तिच्याकडे दोर होता?’ आजोबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली.

या सगळ्यात एक गोष्ट लपवून चालणार नाही. ड्रेस्डेनला येणार म्हटल्यावर सीनियर्सनी मला बजावलं होतं : शहराबाहेरच्या गावांत जपून. स्थलांतरितांच्या विरोधातली ‘पेगिडा’ ही चळवळ २०१४ मध्ये याच शहरात सुरू झाली. ट्रॅममध्ये मलाही एक-दोनदा नको तसे शब्द ऐकू आलेत. एका वीकेण्डने हे पुसलं जात नाही, दोर बांधला की सगळे भाऊ-बहीण होतात असलं काही मला म्हणायचं नाही. पण मी खोलीत बसले असते तर या प्रदेशातली मला माहीत असलेली माणसं फक्त ट्रॅममधली ती दोन राहिली असती. आता त्यांच्या जोडीला ‘मी धरलंय’ म्हणणारा एक माणूसही आहे. देश कळायला दोन्ही माहीत असावे लागतात.

आता माझं मत. परदेशात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणं, गाव बघणं ही शिक्षणातून केलेली चोरी नाही. आपण ज्या पैशांनी इथे आलो, त्या पैशांत ही माणसं, हा दगड, हे नियमसुद्धा येतात. फक्त डिग्रीच घ्यायची तर ऑनलाइनही मिळते. पालकांना मी एवढंच म्हणेन : मुलगी फोनवर हसताना दिसली तर लोनचे पैसे वाया चाललेत असं समजू नका. आणि मुलांना त्याहून जास्त म्हणेन : लपवू नका. लपवलं की साध्या आनंदालाही चोरीचा वास यायला लागतो. मग खरोखर गरज पडते, नापास झाल्यावर, एकटं वाटल्यावर, तेव्हाही आपण लपवतो. मी तीन आठवडे लपवलंच की.

पण फिरण्याचेही दोन प्रकार आहेत. शुक्रवारी रात्रीची बस, तीन दिवसांत चार देश, प्रत्येक ठिकाणी एक रील आणि सोमवारी लेक्चरला झोप. त्याचं बिल क्रेडिट कार्डवर. त्यावर कुणी ‘फिरायला गेलास की शिकायला?’ विचारलं तर मी प्रश्नाच्या बाजूने आहे. जवळचं, स्वस्त, पुन्हा पुन्हा जाता येईल असं काहीतरी धरा. एकाच डोंगरावर पाच वेळा जा. तिथली माणसं तुम्हाला ओळखायला लागतील.

चढायचं असेल तर नीट शिकून. हा धोक्याचा खेळ आहे आणि यूट्यूब बघून बिले देता येत नाही. विद्यापीठाचा कोर्स करा. जर्मन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलं तर त्यात डोंगरातल्या बचावकार्याचा विमा येतो, ते घ्या. ११२ हा इमर्जन्सी नंबर पाठ करा. कुठे जातोय ते घरमालकिणीला, रूममेटला सांगून जा. आणि हो, आईलाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांना वाटेल, आमचा काय संबंध? आहे. मी हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या कॉलेजात असताना तीन वेळा चढलेय. पावसाळी रविवारी त्या उभ्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत अडकून तासन्‌तास उभे असतात. आम्हीही त्या गर्दीत होतो, ओरडत होतो, सेल्फी काढत होतो. ‘आज गर्दी आहे, परत फिरू’ असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही. किल्ल्याच्या भिंतीवर खडूने, कोळशाने नावं लिहिणारेही आपणच. इथे नाव लिहायला पेटीत वही ठेवली आहे आणि दगड ओला असला की माणसं पाहारेकऱ्याशिवाय मागे फिरतात. जर्मन आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं नाही. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपापसांत ठरवलं आणि पुढच्यांनी पाळलं. आपल्याकडेही वाट चुकलेल्या ट्रेकर्सना रात्री-बेरात्री शोधायला जाणारे लोक स्वयंसेवकच असतात. म्हणजे सुरुवात झालेलीच आहे, आपण फक्त त्यांच्या बाजूला जायचंय.

रविवारी संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये मी आईला व्हिडीओ कॉल केला. बाबा शेजारी बसले होते. मी सगळं सांगितलं. चिमणी, वही, आजोबा, मसालेभात. आणि एवढं सांगितलंच आहे तर म्हणून नापास झालेलंही सांगितलं, जुलैत पुन्हा परीक्षा देतेय तेही. बराच वेळ कुणी बोललं नाही. ट्रेन बोगद्यात गेली की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. नेटवर्क फुल होतं.

मग आईने विचारलं, ‘तू वर चढलीस तेव्हा दोर कोणी धरला होता?’

मी फोन वळवून समोरच्या सीटवर डुलक्या घेणारे आजोबा दाखवले. आईने स्क्रीनवरूनच त्यांना हात जोडले. बाबा म्हणाले, ‘जुलैचा पेपर कधी आहे?’ मी तारीख सांगितली. त्यांनी ती समोरच्या कॅलेंडरवर लिहिली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, ‘तो फोटो मला वेगळा पाठव. ग्रुपवरचा फुटलाय.’